भाऊंच्या फियाटचा मीटर

मी पस्तीस वर्षं पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल शिकवलं. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्या घमेंडीतूनच झालं.

आमच्या नौपाड्याच्या सोसायटीत तळमजल्यावर भाऊ राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्याकडे एकाहत्तर सालची फियाट आहे आणि महिन्यातून एकदा ती घेऊन ते डोंबिवलीला बहिणीकडे जातात. मार्चमध्ये तिचा पेट्रोलचा काटा पडला. टाकी भरलेली असली तरी काटा आपला तळाला. भाऊ किलोमीटर मोजून अंदाज बांधायचे. एकदा तो अंदाज चुकला आणि भर दुपारी शीळफाट्याला, ट्रकांच्या मधोमध गाडी बंद पडली. त्यांचा गॅरेजवाला चांगदेव वागळे इस्टेटमधून पेट्रोल घेऊन धावला. तिथेच त्याने जुजबी तपासणी करून सांगितलं, "मीटर चांगलाय भाऊ. टाकीकडे वायरचा काहीतरी लोचा आहे. रविवारी घरी येऊन बघतो."

शनिवारी सकाळी भाऊंनी मला हे सांगितलं. मी म्हणालो, "रविवारपर्यंत कशाला थांबायचं? दहा मिनिटांचं काम आहे."

"तू करशील, सलिल? अरे वा!" म्हणत भाऊ चहा टाकायला आत गेले.

डिकी उघडून टाकीजवळची वायर आधी बघायची, हे मी विद्यार्थ्यांना शंभरदा सांगितलं असतं. पण मला काटा हललेला बघायचा होता, भाऊ चहा घेऊन येण्याआधी. मी डॅशबोर्डमधून मीटर काढला आणि बॅटरीची वायर थेट त्याला लावली. चुकीच्या टोकाला. काटा एकदम उसळला, थरथरला आणि पडला. जळका वास आला. मी वर्तमानपत्राने वारा घालून तो घालवला.

"काय निघालं?" भाऊ कप घेऊन आले.

"मीटरच गेलाय, भाऊ. आतून जळलाय. कधीचाच."

'कधीचाच' म्हणायची काही गरज नव्हती. तो शब्द माझ्या तोंडून अगदी सहज गेला.

भाऊंनी तिथल्या तिथे फोन लावला. "चांगदेव, तीस वर्षं तुझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. न बघताच चांगलाय म्हणून सांगतोस? सलिलने उघडून दाखवला मला. लाज वाटायला हवी तुला!"

मी शेजारी उभा राहून चहा पीत होतो. पूर्ण संपवला.

रविवारी चांगदेव दिवा गावातल्या घरून स्कूटरवर आला. वाद घातला नाही. मीटर हातात घेऊन नाकाजवळ नेला, टोकावरचा काळा डाग अंगठ्याने पुसून बघितला आणि माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग डिकी उघडून आत वाकला. टाकीची अर्थिंगची वायर गंजून तुटली होती. त्याने जागा घासून नवी वायर टाकली आणि स्वतःकडचा एक जुना मीटर बसवला. काटा सावकाश अर्ध्यावर चढला.

"माझंच चुकलं भाऊ," तो म्हणाला. "नीट बघायला पाहिजे होतं."

"असू दे. पुढच्या वेळी लक्ष ठेव," भाऊ म्हणाले.

मी डिकी लावून घेतली.

त्यानंतरचे चार दिवस भाऊ पार्किंगमध्ये दिसले की मी मागच्या गेटने जायचो. पाचव्या दिवशी त्यांच्या दाराची बेल वाजवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. भाऊ ऐकत राहिले. मग चपला घातल्या, गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाले, "चल."

फियाट त्यांनी थेट वागळे इस्टेटला नेली. गॅरेजमध्ये चार माणसं काम करत होती. भाऊंनी सगळ्यांदेखत चांगदेवसमोर हात जोडले. "मी तुला वाटेल ते बोललो. चुकलो रे."

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस माझ्यामुळे हात जोडत होता. चांगदेव ग्रीसचे हात मागे घेत गडबडला. "अहो भाऊ, हे काय करताय!"

"चूक त्यांची नाही, माझी आहे," मी म्हणालो. "मीटर मी जाळला."

"माहितीये सर," चांगदेव म्हणाला. "वास आला ना."

"मग त्याच दिवशी का नाही बोललात?"

"तुम्ही शिकवणारे. भाऊंसमोर तुम्हाला कसं बोलणार?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

परत येताना भाऊंनी एवढंच विचारलं, "'माझ्या हातून मीटर जळला' म्हणाला असतास, तर मी काय केलं असतं रे तुला?"

काहीच केलं नसतं त्यांनी. हसले असते.

भाऊ अजूनही मला चहाला बोलावतात. गेल्या आठवड्यात फियाटचा हॉर्न बंद पडला, ते मात्र मला वॉचमनकडून कळलं.