माझ्या पोटातला परका सूर्य

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. एका चुकलेल्या सूर्याची गोष्ट सांगते.

मी एक जुनी फाईल आहे, ऑकलंडला वास्तुकला शिकणाऱ्या अनासेइनीच्या संगणकातली. दर नव्या आराखड्याला रेघांची जाडी ठरवा, भिंती-खिडक्यांचे थर वेगळे करा, या कामाला ती कंटाळली होती. म्हणून कुठल्याशा उत्तरेकडच्या देशातली तयार फाईल आणून तिने मला घडवलं. मग तिचं प्रत्येक घर माझ्यातूनच जन्मू लागलं. एक भिंत हलवली की नकाशा, सावल्या, सगळं आपोआप बदले. वर्गात माझं केवढं कौतुक! जो तो मला मागून नेई. माझ्या पोटात काय आहे, हे मात्र कुणी पाहिलं नाही.

पुढे तिच्या टोंगन, म्हणजे टोंगा बेटांवरून आलेल्या लोकांच्या, चर्चच्या सभागृहाचं काम आलं. तिथे चटया विणणाऱ्या आज्यांची बोटं हिवाळ्यात आखडतात. संगणकाच्या पडद्यावर ज्या बाजूला ऊन दिसलं, तिथे अनासेइनीने त्यांच्यासाठी ओटा काढला. रविवारी प्रार्थनेनंतर मंडळी चित्र पाहून होकार देणार, की लगेच बांधकाम.

आदल्या दिवशी तिने त्या जागेचा भरदुपारचा फोटो आणला आणि त्यात माझं सभागृह बसवलं. शेजारचा वर्गमित्र फेलेती फिस्सकन हसला.

“अगं, कुंपणाची सावली दक्षिणेला नि तुझ्या भिंतीची उत्तरेला? तुमच्या चर्चला देवाने दोन सूर्य दिलेत वाटतं!”

“थांब रे. असं का होतंय?”

“का कशाला? चित्रातली सावली पूस. कुणाला कळतंय?”

“आज्यांच्या बोटांना कळेल.”

तिने माझा कानाकोपरा धुंडाळला. तर आत परक्या देशाचा सूर्य! तिकडे तो दुपारी दक्षिणेला तळपतो, पण ऑकलंड पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यात, म्हणून इथे उत्तरेला. ओटा कायमचा गारठला असता आणि मी पडद्यावर खुशाल ऊन दाखवत राहिले असते. मी शरमले. तिने माझ्यातलं परक्या गावाचं नाव खोडून ऑकलंड लिहिलं, ओटा उत्तरेला नेला, आणि काय सांगू, सगळे नकाशे क्षणात सुधारले! चूक ज्या वाटेने पसरली, त्याच वाटेने दुरुस्ती धावली. देवाचीच दया.

“फेलेती, तूही माझीच फाईल नेलीस ना?”

“अरे देवा! माझी मागची सगळी घरं!”

आता त्या ओट्यावर उन्हात केतकीच्या चटया विणल्या जातात, भजनं गायली जातात. मी म्हातारी झाले. माझ्यासारखीला हाती धराल तेव्हा भरभर काम जरूर करा, पण आधी आतला सूर्य तेवढा बघा. आणि भरदुपारी कुंपणापाशी फोटो काढत उभ्या राहिलेल्या अनासेइनीची आठवण ठेवा.