महूच्या वाटेवरची बिनचेनची सायकल

मित्रांनो, जुनी सायकल म्हटलं की तुम्हाला कीव येते. ती तुमच्याजवळच ठेवा. मी गंजले आहे, मला चेन नाही, चाकात हवा नाही. तरी मी अजून कामावर आहे.

मला कारखान्यानं घडवलं नाही. नंदुरबारच्या रमजानचाचांनी मोडीतल्या सायकलींचे तुकडे जोडून मला उभं केलं. कॅरिअर तर चक्क लोखंडी खाटेच्या पट्ट्यांचं. "सूरत मत देख, फुलसिंगभाई," चाचा गिऱ्हाइकाला म्हणाले, "ये घोडी नहीं, बैल है बैल!"

फुलसिंगनं मला सातपुड्यात नेलं, धडगावच्या बाजूला. त्याच्या पाड्यापासून नदीच्या काठाकाठानं एक वाट जाते, दोन्ही अंगांना महूची, म्हणजे मोहाची, झाडं. कोणतं झाड कुणाचं, हे सगळ्या पाड्याला तोंडपाठ. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. फुलसिंगची बायको रूपलीबाई उन्हाळ्यात पहाटे आपल्या झाडाखाली फुलं वेचायची, अंगणात वाळवायची, आणि पोती मी बाजाराला न्यायचे. चढावर फुलसिंगचा दम निघायचा, माझा नाही. कुणी आजारी पडलं तर कॅरिअरवर गोधडी टाकून त्याला जीपपर्यंत मीच पोचवलं. तेव्हा माझं फार कौतुक होतं.

मग मोटरसायकल आली आणि मी घरामागं गेले. सीटवर कोंबड्या झोपू लागल्या. माझी चेन काढून फुलसिंगनं शेळी बांधली. घ्या!

त्याच सुमारास नदीकाठी रिसॉर्ट झालं. शहरातले पाहुणे तिथं महूची वाइन पितात आणि सकाळी काठानं सायकली फिरवतात. आमच्या बायकांनी महू गाळला तर ती दारू, त्यांच्या काचेच्या पेल्यात गेली की पर्यटन. वाटेवर लाल मुरूम पडला, तोंडाशी फाटक बसलं, वर पाटी लागली: 'फक्त सायकलींसाठी. पायी जाण्यास मनाई.'

रूपलीबाईचं झाड फाटकाच्या आत. टेकडीला वळसा घालून जावं, तर तोवर शेळ्या फुलं फस्त करतात. महू गेला म्हणजे पावसाळ्याचं मीठतेल गेलं. पहिल्या दिवशी सगळ्या बायका रिकाम्या टोपल्या घेऊन परतल्या.

दुसऱ्या पहाटे रूपलीबाईनं कोंबड्या हुसकल्या आणि माझं हँडल धरलं. मला वाटलं, संपलं, भंगारात चालले. पण ती मला थेट फाटकाशी घेऊन गेली, मागोमाग टोपल्या घेतलेल्या बाकीच्या बायका. तिथं शहाद्याकडचा शांतीलाल राखणीला होता.

"मावशी, पायी बंदी शे. काल सांगं ना?"

"पायी कोण शे?" रूपलीबाई त्याच्याच अहिराणीत म्हणाली आणि मला पुढं केलं. "सायकल लई वनू."

"इले ना चैन, ना हवा! बसी दाखाड बरं."

"पाटीवर 'बसा' लिखेल शे का? सायकल लिखेल शे. वाच."

"आनि ह्या मांगल्या?"

मागून नानीबाईनं माझं कॅरिअर घट्ट धरलं. "आम्ही डबलसीट शेतस, भाऊ!"

साऱ्या बायका हसल्या. ज्यांचा हात पोचला त्यांनी मला धरलं, ज्यांचा नाही त्यांनी पुढचीचा पदर. शांतीलालनं तोंडावर रुमाल धरला, पण त्याचे खांदे हलत होतेच.

आवाज ऐकून मॅनेजर आला. मला पाहून त्याचे डोळे चमकले. "वा, काय जुनी सायकल आहे! विकता का बाई? पांढरी रंगवू, कुंड्या लटकवू, फाटकाशी उभी करू. पाहुणे फोटो काढतील."

मित्रांनो, कोंबड्यांची शिट पडली तेव्हा मला इतकं लागलं नव्हतं.

रूपलीबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "फाटकाशी नाही, साहेब. तिला आत जायचंय."

मॅनेजर पाटीकडे पाहू लागला. त्याच्यामागं पाहुण्यांच्या चकचकीत सायकली खोळंबल्या होत्या. तेवढ्यात शांतीलालनं फाटक ओढून उघडलं. माझी रिम खरडत, लाल मुरमावर चर पाडत मी आत गेले. रूपलीबाईच्या झाडाखाली फुलांचा सडा तसाच होता.

उद्या ते पाटी बदलतील, मला ठाऊक आहे. बदलू देत. आम्हीही दुसरं काही काढू. जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला शाळेत शिकवतात. मी म्हणते, नुसत्या जपू नका, कामाला लावा. आणि माझ्या अंगावर कुंडी टांगायला कुणी आलाच, तर माझ्या गंजक्या पत्र्यानं हात कापेल, हे त्याला आत्ताच सांगून ठेवा.