मिरचीचा डावा पाय

हौशी पाखरंवाल्यांचा मला राग येतो. चार दिवस पिंजरा सांभाळला की लगेच हे डॉक्टर. एका आजोबांनी तर आपल्या बजरीगराच्या पायाला काडेपेटीतली काडी बांधूनच त्याला माझ्या दवाखान्यात आणलं होतं. बजरीगर म्हणजे तो इवलासा रंगीत पोपट, दुकानदार ज्याला लव्हबर्ड म्हणून खपवतात.

"पाय मोडलाय मिरचीचा," आजोबा म्हणाले. "पिंजऱ्याचं दार आपटलं हिने." त्यांनी शेजारी बसलेल्या आजींकडे बोट केलं. "हिला हल्ली काही आठवत नाही हो. मीच सांगितलं, तेव्हा कुठे कबूल झाली."

"माझ्या हातून झालं," आजी मला म्हणाल्या. "आता मी तिला हात लावत नाही."

मी काडी सोडली. पाय कुठेच मोडला नव्हता. डाव्या पायाची बोटं चिमटीत दाबली तरी मिरचीने तो ओढून घेतला नाही, उजवा मात्र झटकन घेतला. अंगावर मांस उरलं नव्हतं, छातीचं हाड सुरीसारखं हाताला लागलं. भूल देऊन एक्स-रे काढला, आणि भीती होती तेच निघालं. मूत्रपिंडावर गाठ. बजरीगरांत ती बरेचदा होते. पायाची नस तिथूनच जाते. गाठ वाढली की नस दबते, पाय लुळा पडतो, आणि घरचे लोक दार कोणी आपटलं ते शोधत बसतात.

"कापून काढा," आजोबा म्हणाले.

"मूत्रपिंड हाडांच्या खोबणीत रुतलेलं असतं, आजोबा. हात लावला तर टेबलावरच रक्त जाऊन मरेल. दुखणं कमी करायचं औषध देते, तेवढंच." मग मी मुद्दाम आजींकडे वळले. "आजी, तुमचा काही दोष नाही. दाराचा संबंधच नाही. आतून गाठ झालीये."

"खरंच?" आजींनी हळूच पिंजऱ्यात बोट घातलं. आजोबा मान खाली घालून बसले. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. चांगली जिरली, म्हटलं मनात.

थोड्याच दिवसांत दोघं परत आली. मिरची पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी पडली होती. दर श्वासाला तिची शेपटी खालीवर होत होती. आता औषधाने भागणार नव्हतं. तिला शांतपणे जाऊ द्यावं, असं मी सांगितलं. आजोबांनी मान डोलावली.

"माझ्या हातून झालं," आजी म्हणाल्या. "दार मी आपटलं."

"रोज सांगतो हो डॉक्टर," आजोबा म्हणाले. "एक्स-रे दाखवतो. सकाळी पटतं, दुपारी पुसून जातं. मी चिडून बोललो होतो, तेवढंच राहिलंय डोक्यात. लेकीचं नाव विसरली, पण हे नाही विसरत."

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्याच्या जागी जे आलं ते रागाहून वाईट होतं.

आधी भूल दिली, मग इंजेक्शन. मिरचीचा श्वास माझ्या तळहातावर थांबला. मी तिला रुमालात गुंडाळून आजोबांकडे दिलं.

"माझ्यामुळे गेली," आजी रडायला लागल्या.

आजोबा त्यांच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसले. "अगं, दार मी आपटलं. तू नव्हतीसच तिथे."



"तुम्ही?" आजींनी डोळे पुसले. मग त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. "असू दे हो. मुद्दाम का कोणी करतं?"

एवढं वाक्य आजोबांना आजींवर चिडताना सुचलं नव्हतं. ते ओक्साबोक्शी रडले. मग उठून त्यांनी आजींचा हात धरला.

दारापाशी आजी थबकल्या. "अहो, मिरचीचा पाय माझ्या हातून..."

"नाही गं," आजोबा म्हणाले. "माझ्या हातून."