साडेआठ ग्रॅम

टुपुक.

स्वयंपाकघरात एवढाच आवाज झाला. डबा भरता भरता तिने मागे वळून पाहिलं. तिची लेक ठकी स्टुलावर चढली होती. ओट्यावरच्या ग्लासातला एकेक बेदाणा काढायचा, दोन बोटांत दाबून बघायचा आणि परत पाण्यात सोडायचा, असं तिचं चाललं होतं. टुपुक.

"ठके, ते खायला भिजवलेत. खेळायला नाही."

"खेळत नाहीये. तपासतेय."

आई लॅबमध्ये काय करते, या प्रश्नाला ठकीला तीन आठवड्यांपूर्वी मिळालेलं हे उत्तर. तेव्हापासून पाच वर्षांची ही बाई घरातलं सगळं तपासत होती. चपला, आजीची कवळी, शेजारचं मांजर.

काल संध्याकाळी भिजवलेला ग्लास एकच होता. आता ओट्यावर दोन होते. दुसऱ्याच्या तळाशी बोटभर साखर न विरघळता बसली होती आणि तिच्यावर बेदाणे जसेच्या तसे, सुरकुतलेले.

"हे बघ, पाण्यातले जाडे झाले. एक तर मी हात लावायच्या आधीच फुटला होता. आणि यांना मी एवढी साखर दिली, तरी रुसलेत."

"तरीच!" सासूबाईंनी साखरेचा डबा उलटा करून दाखवला. "मी म्हटलं, मुंग्यांनी टेम्पो लावून नेली की काय."

एरवी ती हसली असती. आज तिने डब्याचं झाकण दाबून लावलं आणि घाईघाईत ठकीला सांगून टाकलं, "बेदाण्याच्या आत साखर दाट असते ना, म्हणून साधं पाणी सालीतून आत शिरतं. बाहेरच पाक दाट असेल तर पाणी कशाला आत जाईल?"

"सालीला दार कुठंय?"

"सगळी सालच दार असते."

ठकीने एक बेदाणा डोळ्याजवळ धरून ते दार शोधलं.

"आज काय व्हायचं ते होऊ दे," सासूबाई पिशवी हातात देत म्हणाल्या. "पण असं तोंड करून जाऊ नकोस. तुझ्या त्या पेशी घाबरतील."

*

लॅबमध्ये तिच्या टेबलाला सगळे धुण्याचं टेबल म्हणत. पेशंटच्या रक्तातल्या तांबड्या पेशी सलाईनमध्ये घालायच्या, ट्यूब यंत्रात गरगर फिरवायची, पेशी तळाशी बसल्या की वरचं पाणी ओतून टाकायचं. असं तीनदा. धुतलेल्या पेशी स्वच्छ असतील तरच पुढे कुणाचं रक्त कुणाला चालेल ते सांगता येतं. वरचं पाणी काचेसारखं नितळ हवं. गुलाबी दिसलं, की समजायचं पेशी फुटल्या.

चार वर्षं घरी राहून ती परतली, तेव्हा पहिले दोन आठवडे पाणी नितळ होतं. या मंगळवारपासून गुलाबी यायला लागलं. सगळ्या ट्यूबमध्ये नाही, कुठे कुठे. खिडकीजवळच्या खाटेवरच्या आजोबांचं सॅम्पल दोनदा वाया गेलं, त्यांचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलं. धुणाऱ्या हाताने ट्यूब जोरात हलवली की पेशी फुटतात, हे लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. आणि धुणारी ती एकटीच होती.

सोमवारी ठकीला खोकला होता. रात्रभर झोप नव्हती. तेव्हापासूनच हात बिघडला, असं तिनेही धरून ठेवलं होतं. बुधवारी तिने ट्यूब हळू हलवली. गुरुवारी इतकी हळू, की पहिल्यांदा ठकीला अंघोळ घालतानाही हात एवढा सांभाळला नसेल. तरी गुलाबी.

"पूर्वीचा हात राहिला नाही तुमचा, बाई," सर काल म्हणाले होते. ओरडून नाही, हेच वाईट. "उद्याचा दिवस बघू. नाहीतर सोमवारपासून फॉर्मच्या खिडकीवर बसा. तिथेही माणूस हवाच आहे."

सरांना पाठीमागे सगळे मिठाचे सर म्हणत. रोजचं सलाईन ते स्वतः करायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. सकाळी आल्या आल्या हात धुवायचे, तराजूवर कागद ठेवून साडेआठ ग्रॅम मीठ मोजायचे, बाटलीत ओतायचे, गळ्यापर्यंत शुद्ध पाणी भरायचे. लिटरला साडेआठ. तीस वर्षांत एक कण इकडेतिकडे नाही. त्या वेळी कुणी बोलतसुद्धा नसे.

आज पहिल्या फेरीत सहापैकी दोन ट्यूब गुलाबी निघाल्या.

शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने, जिला सगळे चष्मेबहाद्दर म्हणत, मान लांब करून पाहिलं आणि पटकन आत घेतली. "आजोबांचं तिसरं सॅम्पल आलंय," ती हळूच म्हणाली. "ते सिस्टरला विचारत होते म्हणे, रक्त चहात घालून पिता की काय तुम्ही?"

तिने आजोबांची ट्यूब घेतली, सलाईनची बाटली उचलली आणि तिरकी करता करता थांबली.

ठकीने हात लावायच्या आधीच फुटलेला तो एक बेदाणा. त्याला कुणी हलवलं नव्हतं. तो रात्रभर ग्लासात नुसता पडून होता.

तिने बाटली खाली ठेवली. गुलाबी झालेल्या दोन्ही ट्यूबवरची नावं वाचली. दोघंही खूप दिवसांचे आजारी. त्यांच्या पेशींची कड पातळ, जरा जास्त पाणी आत आलं तरी आधी त्याच फुटणार. हात जड असता तर त्याने आजारी-धडधाकट पाहिलं नसतं. पाणी मात्र बरोबर पाहतं.

मग तिने बाटली नीट पाहिली. नवी होती. जुनी सोमवारी हात धुण्याच्या बेसिनमध्ये फुटली होती. सरांनी जुनं लेबल पाण्यात भिजवून सोडवलं होतं आणि नवीवर स्वतः चिकटवलं होतं, कोपरे अंगठ्याने दाबून. तिने बाटली डोक्याच्या वर उचलून बुडाकडे पाहिलं. काचेतच आकडा उठवलेला होता. दोन.

दोन लिटर पाणी. साडेआठ ग्रॅम मीठ.

"अगं, बाटलीची दृष्ट काढतेस की काय?" चष्मेबहाद्दर म्हणाली.

ती जिना उतरून वॉर्डमध्ये गेली आणि सिस्टरकडून शिरेतून द्यायच्या सलाईनची सीलबंद बाटली मागून आणली. दोन काचपट्ट्या घेतल्या. दोन्हींवर आजोबांच्या रक्ताचा ठिपका, एकीवर लॅबचं सलाईन, दुसरीवर सीलबंद. सूक्ष्मदर्शकाखाली तिने आधी स्वतः पाहिलं. बराच वेळ पाहिलं. उठली तेव्हा तिचे कान तापले होते.

"सर, जरा बघता का?"

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ते वाकले.

"फुगल्यात," ते म्हणाले. "पार चेंडू झालेत. मधला फिकट ठिपका नाही. आणि या बघा, या फुटून नुसत्या सावल्या राहिल्यात. काय केलंत काय, बाई?"

तिने काचपट्टी बदलली.

"हं. या कशा बशीसारख्या आहेत. या कुणाच्या?"

"त्याच आजोबांच्या. त्याच ट्यूबमधल्या. मी काहीच हलवलं नाही, सर. फक्त ठिपका ठेवला. पहिलीवर आपलं सलाईन आहे, या दुसरीवर वॉर्डातलं."

सर वाकलेलेच राहिले. यंत्र फिरत होतं ते थांबलं, कुणी पुन्हा सुरू केलं नाही. मग ते सरळ झाले, तिच्या टेबलाजवळ गेले आणि बाटली उचलून बूड पाहिलं. अंगठा त्या आकड्यावरून एकदा फिरला.

"गळ्यापर्यंत भरलं," ते स्वतःशीच म्हणाले. "रोजच्यासारखं."

तिला वाटलं, आता आपण काहीतरी बोलायला हवं, म्हणजे ऐकणारे कान दुसरीकडे वळतील. पण सरांनीच मान वर केली आणि नेहमी हजेरी घेतात त्या खणखणीत आवाजात म्हणाले, "सगळ्यांनी ऐका. मंगळवारपासूनची चूक माझी आहे. मीठ बरोबर होतं, पाणी दुप्पट होतं. बाईंचा हात पूर्वीचाच आहे."

मग त्यांनी ती बाटली बेसिनमध्ये उलटी केली. भडभड, भडभड. दोन लिटर पाणी जायला किती वेळ लागतो हे सगळ्यांनी उभं राहून पाहिलं.

"या. मीठ तुम्ही मोजा."

"मी?"

"मग काय, आजोबांना बोलावू?"

तिने हात धुतले. कागद तराजूवर ठेवला. चमच्याने मीठ टाकत गेली. आकडा वर चढत गेला आणि सतरावर येऊन थांबला. साडेआठ आणि साडेआठ.

आजोबांची ट्यूब तिने स्वतः यंत्रातून काढली, खिडकीशी नेली, उजेडात धरली. तळाशी घट्ट तांबडा ठिपका. त्याच्यावर पाणी इतकं नितळ, की पलीकडे रस्त्यावरचा सायकलवाला उलटा दिसला. दुसऱ्यांदा नितळ. तिसऱ्यांदा नितळ. मग बाकीच्या अकरा ट्यूब. चष्मेबहाद्दर एकेक मोजत होती आणि बाराव्याला तिने टेबलावर अशी थाप मारली, की पेनाचा डबा कलंडला.

वॉर्डला फोन सरांनीच लावला. "सोमवारचं ऑपरेशन नक्की करा. रक्त जुळलंय. आणि आजोबांना सांगा, चहा आम्ही बिनरक्ताचा पितो."

*

घरी जाताना ती एक थांबा आधी उतरली. चालत यावंसं वाटलं. 'पूर्वीचाच,' ती प्रत्येक दिव्याच्या खांबाशी मनात म्हणत होती. एका दुकानाच्या काचेत स्वतःला तसं म्हणताना पाहिलं आणि एकटीच हसली.

"आज दोन-दोन पायऱ्या चढलीस वाटतं," दार उघडून सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे पेशी घाबरल्या नाहीत."

"अहो आई, पेशी नाही, सर घाबरले!"

तिने चपला काढता काढता सगळं सांगितलं, मग पिशवी न ठेवताच पुन्हा एकदा सांगितलं. सासूबाईंनी दोन्ही वेळा बाटलीचं बूड आलं तिथे कपाळावर हात मारला. "तीस वर्षं मीठ मोजलं, आणि बाटलीच नाही मोजली!"

"आई, मी पण तपासलं," ठकी ओट्याकडून ओरडली. स्टूल तिथेच होतं. तिने पाकातले रुसलेले बेदाणे दिवसभर साध्या पाण्यात ठेवले होते, आजीच्या परवानगीने. "रुसवा गेला. सगळेच्या सगळे जाडे झाले!"

"शाब्बास, मॅडम!"

"हात पुढे कर."

ठकीने सगळ्यात मोठा बेदाणा निवडून तिच्या तळहातावर ठेवला. ओला, गोल, भरलेला. तिने बोटाने जरासा लोटला तर तो घरंगळला. दिव्याखाली त्यातून उजेड आरपार जात होता. सुरकुत्या होत्या तिथे फिकट रेघा तेवढ्या उरल्या होत्या.

ठकीने आपलं डोकं त्या हाताला टेकवलं आणि दोघी एकदमच वाकून बघू लागल्या.

"आई, आता हे परत द्राक्ष झालं का?"