न फुटणारी काच

ती रेघ स्क्रूच्या डोक्याखालून निघून खिडकीच्या काठाकडे सरकत गेली होती — केसाहून बारीक, आणि तीही नेहमी दिसणारी नव्हे. मान किंचित डावीकडे कलली की ट्यूबलाइटचा उजेड तिच्यात अडकायचा, क्षणभर चंदेरी तार लकाकायची, आणि मान सरळ झाली की पुन्हा सगळं नितळ, निर्दोष, जणू तिथे कधी काही नव्हतंच. शेजारच्या स्क्रूखाली दुसरी. पलीकडे आणखी एक... संजीवनीच्या पाठीमागे कोणीच बोलत नव्हतं. आंग मो किओ ह्या उपनगरातल्या औद्योगिक इमारतीतल्या त्या भाड्याच्या गाळ्यात मघाशी अनुजानं एक वाक्य उच्चारलं होतं, आणि त्यानंतरची शांतता अजून कोणी उचलली नव्हती. ती तिघांच्या मध्ये पडून होती, गाळ्याच्या मधोमध उभ्या, अजून पंख न लावलेल्या त्या दोन आसनी विमानासारखीच, अवजड आणि अर्धवट.

"बाबांच्या टेस्ट फ्लाइट्स झाल्या की पहिली मी बसणार," एवढंच तर मुलगी म्हणाली होती.

आणि रघुवीर हसला होता. मोठ्यानं नव्हे. पान्याला लागलेलं तेल कापडानं पुसत, खाली बघत. पण त्या हसण्याला एक टोक होतं आणि ते कुणाकडे रोखलेलं आहे हे संजीवनीला न वळताही कळलं होतं. पंधरा दिवसांनी विमान सुटं करून कंटेनरमधून सीमेपलीकडे जोहोरला जाणार, तिथल्या एका खासगी धावपट्टीवर पुन्हा जोडलं जाणार, आधी तो एकटा उडणार आणि मग शेजारच्या आसनावर अनुजा. ह्या खिडकीला खांदा लावून. ह्या रेघांना.

सांगायला हवं. आता सांगायलाच हवं — आणि इथे मन अडखळलं. कारण 'आता'च्या मागे एक 'तेव्हा' उभा होता, आणि त्याच्याकडे पाठ करूनच ती इतके शनिवार इथे येत होती.

तो टँकरवर चीफ इंजिनिअर होता तेव्हा घरातून सहा-सहा महिने नाहीसा व्हायचा. बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये तिनं एकटीनं मुलगी वाढवली, जुरोंग आयलंडवरच्या प्रयोगशाळेत नेणाऱ्या कंपनी बसमध्ये पहाटेची झोप पुरी केली, आणि घराला स्वतःची एक चाल लावून दिली. ती चाल त्याच्यावाचून बिनबोभाट चालते, हे जहाज कायमचं सोडून तो किनाऱ्यावर आला त्या वर्षी त्याला कळलं. त्यानं ते माफ केलं नाही. काही म्हणाला नाही, फक्त हा गाळा घेतला, विमानाचं किट मागवलं, आणि एकदा चहा ओतून घेताना सहज म्हणाला, "घरात मी पाहुणा. इथे तू." त्यावर ती काय बोलली होती?... काही नाही. काही न बोलण्याची सवय तिला तेव्हाही होती, आणि ती सवय दुबळेपणाची नव्हती. आज तिला वाटतं, ती कधीच दुबळेपणाची नव्हती.

पहिल्या खिडक्या ॲक्रिलिकच्या होत्या. ड्रिलला बिट लावताना तिनं म्हटलं होतं, ह्याची धार थोडी मोडून घे, धारदार बिट ॲक्रिलिकला चावतं. आणि भोक स्क्रूपेक्षा मोठं ठेव, उन्हात प्लास्टिक पसरतं, त्याला जागा लागते. "मॅडम," तो म्हणाला होता, "उभा जन्म पोलादाला भोकं पाडण्यात गेलाय." तिसऱ्या भोकाला बोट मोडल्यासारखा आवाज झाला आणि अख्खी खिडकी तिरपी चिरत गेली. त्यानं दोन्ही तुकडे भिंतीला टेकवून ठेवले, तिच्याशी आठवडाभर बोलला नाही, आणि मग पॉलीकार्बोनेट मागवलं. ते चिरत नाही, हातोड्यालाही दाद देत नाही — आणि हे जगाला दाखवल्याशिवाय त्याला चैन पडेना.

तो शनिवार. मराठी मंडळातली चार माणसं विमान बघायला आलेली, संजीवनी कागदी ताटल्यांत चिवडा भरत होती, आणि रघुवीरनं त्यांच्यातल्या अभयच्या हातात हातोडा दिला होता. "मार. अरे, घाबरतोस काय, मार! आमच्या हिच्यासारखी आहे ही — कितीही ठोका, तडा जात नाही." सगळे हसले. अभय हसता हसता तिच्याकडे बघून ओशाळला, तरी हसलाच. हातोडा उसळून परत आला. टाळ्या पडल्या. आणि त्या हशातच, पुढच्या कामाला हात घालत, रघुवीरनं निळ्या द्रवाची छोटी बाटली उघडली आणि बसवायच्या प्रत्येक स्क्रूवर एक थेंब सोडायला सुरुवात केली. जहाजावरची जुनी शिस्त: जे थरथरतं ते सुटतं, म्हणून प्रत्येक स्क्रू त्या द्रवानं चिकटवायचा आणि वर आणखी पाव फेरा आवळायचा.

लोखंडात ते ठीक होतं. पण हे पॉलीकार्बोनेट... बेटावरच्या प्रयोगशाळेत संजीवनी दुसरं करते तरी काय? प्लास्टिकच्या पट्ट्या वाकवून साच्यावर ताणून बसवायच्या, त्यांवर गिऱ्हाइकानं पाठवलेल्या द्रवाचा थेंब सोडायचा आणि वाट पाहायची. ताण आणि थेंब, दोन्ही एकत्र आले की हातोड्याला न फुटणारं प्लास्टिक आतून, आवाज न करता, उसवत जातं. तिला त्या निळ्या द्रवाचं नाव ठाऊक होतं, त्याचा वास ठाऊक होता. 'थांब, ते लावू नकोस' — वाक्य जिभेवर तयार होतं, ओलं, पूर्ण. हशा अजून ओसरला नव्हता. मी ते वाक्य गिळलं. मी अभयला विचारलं, चिवडा आणखी घेणार?

त्यानंतर ती दर शनिवारी डबा घेऊन येऊ लागली. रघुवीरला वाटलं असावं, बाई नरमली. तो पोळी-भाजी खायचा, स्क्रूंची, पंखांची, वाऱ्याची गोष्ट सांगायचा, आणि ती मान कलती करून ऐकायची... मान कलती करून. पहिली रेघ दिसली त्या दिवशी तिच्या छातीत काहीतरी उबदार पसरलं होतं, आणि परतीच्या एलआरटी गाडीत, काळोख्या काचेत स्वतःचा चेहरा दिसला तेव्हा तिला त्या उबेचं नाव घ्यावंसं वाटलं नव्हतं. सांगणार आहेच, असं ती स्वतःला म्हणत होती. आणखी थोडं दिसू दे. नाकारता येणार नाही इतकं दिसू दे. त्याला दिसू दे. — किती रास्त, किती शास्त्रीय!

"रघुवीर," ती म्हणाली, आणि शांतता हलली. "ही खिडकी बदलावी लागेल. सगळ्याच."

"का? मॅडमनी नापास केली?"

"स्क्रूंभोवती बघ. उजेड तिरपा घे."

त्यानं बघितलं नाही. अनुजानं मोबाइलचा टॉर्च लावला, वाकली, आणि तिच्या नेहमीच्या, इथल्या मिश्र बोलीत म्हणाली, "बाबा, लाइन्स आहेत. लॉट्स, लाह."

"ओरखडे असतील. पॉलीकार्बोनेटला कापडाचेही ओरखडे पडतात." तो हातोडा घ्यायला वळला. "थांबा, तुम्हा दोघींना दाखवतो."

"हातोडा नको," संजीवनी म्हणाली. स्वतःचा आवाज तिला प्रयोगशाळेतल्यासारखा ऐकू आला, स्वच्छ, बिनमालकाचा. "अंगठ्यानं दाब. स्क्रूच्या शेजारी, काठावर."

 निव्वळ तिला खोटं पाडण्यासाठी त्यानं अंगठा टेकला आणि दाबला. फार जोरानं नाही. बारीकसा आवाज झाला, नखानं बडीशेपेचा दाणा फोडावा एवढाच, आणि भोकापासून काठापर्यंतचा एक तुकडा त्याच्या बोटांत आला.

तो तुकड्याकडे बघत होता. ह्या क्षणाची तिनं केवढी बेगमी केली होती... मनात किती वेळा त्याचा हा चेहरा पाहून ठेवला होता, आणि आता तो समोर होता तर त्यात एक वयस्क, थकलेला माणूस होता, ज्याच्या दाढीचे खुंट एका गालावर राहून गेले होते. तिला ते बघायचं नव्हतं. तिला वाटलं होतं, दुसरंच काहीतरी मिळेल.

"हे काल-परवाचं नाही," तो हळू म्हणाला.

"नाही. तू ते निळं लावलंस तेव्हाच... अभयच्या हातात हातोडा होता, तेव्हापासूनच हे—"

ती थांबली. पण वाक्य त्याच्यापर्यंत पोचलं होतं. यंत्राच्या गोंगाटातून एकच चुकीचा ठोका ओळखणारा माणूस तो. त्यानं मान वर केली, आणि त्याच्या डोळ्यांत राग येण्याआधी काहीतरी जुळत गेलेलं तिनं पाहिलं: शनिवार, डबे, कलती मान.

"म्हणजे तू बघत होतीस," तो म्हणाला. प्रश्न नव्हता. "माझी भाजी आणून देत होतीस, आणि बघत होतीस."

"तू विचारलं नाहीस."

"शाब्बास." त्यानं तो तुकडा बाकावर ठेवला, अगदी अलगद. "तुझ्या साहेबांना सांग, बढती द्यायला. अशी वाट बघणारी माणसं मिळत नाहीत."

तिच्या ओठांवर खूप काही आलं — ती सहा-सहा महिन्यांची वाट, ते हसणारे चार लोक — पण त्यातलं एकही वाक्य ह्या प्रसंगाच्या मापाचं नव्हतं. सगळी खरी होती आणि सगळी अपुरी. सांगितलं ना मी? वेळेवर सांगितलं. कोणी पडलं नाही, कोणी मेलं नाही. हिशेबानं पाहिलं तर मी दोघांचा जीव...

"आई."

अनुजानं टॉर्च बंद केला नव्हता. उजेड फरशीवर पडला होता आणि तिच्या चेहऱ्यावर त्याची फक्त खालची कड येत होती. ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं होतं.

"मी बसणार म्हटलं, म्हणून तू आज सांगितलंस," ती सावकाश मराठीत म्हणाली, एकेक शब्द तपासून, एरवी ती इतकं मराठी बोलत नसे. "पण टेस्ट फ्लाइटला बाबा एकटेच जाणार होते. मी बसणार नसते तर? देन? सांगितलं असतंस?"

रघुवीरनं मान फिरवली. त्यालाही ऐकायचं होतं — किंवा ऐकायचं नव्हतं.

'अर्थात!' हा शब्द इतका जवळ होता. कुठल्याही बाईनं, कुठल्याही घरात, तो श्वासासारखा उच्चारला असता. संजीवनी त्याच्यापर्यंत गेली, त्याला हात लावला, आणि त्याच्यामागे काय आहे ते बघण्यासाठी थोडी वाकली... मग तिनं पिशवी खांद्याला लावली, डबा तसाच ठेवला, अर्ध्या ओढलेल्या शटरखालून बाहेर पडली आणि मालाच्या लिफ्टकडे चालू लागली. कोणी हाक मारून थांबवावं असं तिला वाटत नव्हतं. भीती एवढीच होती, की मागून अनुजा तोच प्रश्न पुन्हा विचारेल, आणि ह्या वेळी माझ्या तोंडून खरं निघेल.