पावशेर तेलाचा उपास

त्या शुक्रवारचा विषय निघाला की छबुबाईला आधी करडईच्या तेलाचा वास यायचा. माणसं मग आठवायची.

हैदराबादच्या गादीवर नवे निजाम येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. चकलांब्यापासून दोन कोसांवरच्या त्या गावाला याचा काही पत्ता लागला नव्हता. जमादार तोच होता, त्याचा घोडा तोच होता आणि वेठही तीच होती. गावात नवं काय असेल तर गावकुसाबाहेरची ख्रिस्ती मंडळी. तेरा घरं. त्यातली नऊ महारवाड्यातली, चार मांगवाड्यातली, मधे ओढा. अकरा वर्षांपूर्वी बाप्तिस्म्याच्या दिवशी दोन्हीकडचे लोक एकाच डोहात उतरले होते, मिशनच्या एकाच साहेबानं त्यांना बुडवलं होतं, आणि वर आल्यावर अंग पुसून जो तो आपापल्या काठाला गेला होता.

त्यानंतर प्रार्थना एकत्र झाली, भजन एकत्र झालं. जेवणाचं मात्र जरा अवघड होतं. वरल्या नऊ घरांचं खालच्या चार घरांना चालायचं. खालच्यांचं वरल्यांना चालायचं नाही. येशू दोन्हीकडे सारखाच आला होता, भाकरी तेवढी एकाच बाजूनं यायची.

छबुबाई ओढ्याखालची. नवरा लवकर गेलेला, पाठोपाठ मुलगाही; मुलगी सासरी, घरात एक सून. तिच्या हातच्या शेंगोळ्यांची कीर्ती ओढ्यापलीकडे पोचली होती, पण ती वाऱ्यावरून. हुलग्याच्या पिठात लसूण-मिरची घालून तिनं वेटोळी वळायला घेतली की वरल्या आळीतली माणसं काहीतरी काम काढून ओढ्याच्या काठाला येऊन उभी राहायची. पण अकरा वर्षांत एकानं तिच्या घरचं पाणी तोंडाला लावलं नव्हतं. तिनं कधी तक्रार केली नाही. फक्त रविवारी सगळे मिळून देवाला बाप म्हणायला लागले की तिला वाटायचं, बाप एक हाय तर एकदा तरी समद्यांनी माझ्या पातेल्यातलं खावं. मरायच्या आधी एकदा. बाकी तिचं देवाजवळ काही मागणं नव्हतं.

त्या वर्षी उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे येशूला क्रुसावर दिलं त्या दिवसाच्या, आधी साहेबाचं पत्र आलं, की साऱ्या मंडळ्यांनी त्या दिवशी एकत्र उपास करावा आणि प्रार्थना करावी. पत्र उत्तरेश्वर मास्तरांनी वाचून दाखवलं. मंडळीत वाचता येणारे ते एकटेच. बाप्तिस्म्याच्या वेळी साहेबानं त्यांचं नाव बदलायचं म्हटलं, तर मास्तर म्हणाले होते, "नावात ईश्वर हाय की साहेब, आनखी काय पायजे?" साहेबानं तेच नाव वहीत लिहिलं होतं.

"उपासाला भगर चालती का?" भामाबाईनं पहिला प्रश्न विचारला.

"न्हाई."

"रताळं?"

"रताळं न्हाई, भगर न्हाई. दिवस मावळंस्तोर काई न्हाई."

"म्हंजे रोजा," सटवा म्हणाला. सटवा मंडळीचा वडील होता, म्हणजे वयानं नव्हे, हुद्द्यानं. साहेबानं त्याला तो हुद्दा दिल्यापासून तो सावकाश चालायचा. "पर रोज्याला पहाटं जेवत्यात. त्ये तरी हाय का?"

"त्ये बी न्हाई."

उपाशी राहायची त्या लोकांना चांगली सवय होती. उन्हाळ्यात त्यांचे कैक दिवस तसेच जात. पण तो उपास मानायचा असतो हे त्यांना कुणी आजवर सांगितलं नव्हतं.

"आन दिवस मावळल्यावर उपास एकत्र सोडायचा," मास्तर म्हणाले. "एका घरी रांधायचं. कुनाच्या घरी, त्येच्या चिठ्ठ्या टाकू."

उपास एकत्र करायला कुणाची हरकत नव्हती. एकत्र न जेवण्याचा तर तेरा घरांना अकरा वर्षांचा सराव होता. पण एकत्र सोडायचा म्हटल्यावर सटवा चुळबुळला. नऊ आणि चार यांचा त्यानं मनातल्या मनात अंदाज घेतला आणि तो कबूल झाला.

मास्तरांनी तेरा चिठ्ठ्या टोपीत टाकल्या आणि एक उचलली. छबुबाईचं नाव निघालं. उरलेल्या बारा चिठ्ठ्यांवर काय लिहिलं होतं ते कुणी वाचलं नाही. वाचता येणारा माणूस एकच होता, आणि त्यानं त्या लगेच चुलीत टाकल्या.

छबुबाई त्या दिवशी ओढा कसा ओलांडून आली ते तिला आठवत नाही. पाय ओले झाले होते, एवढं घरी आल्यावर कळलं.

आता तेलाचं. मास्तरांनी शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, आणखी एक वाचून दाखवलं होतं. उपास करणाऱ्यानं तोंड उतरवून फिरू नये; डोक्याला तेल लावावं, तोंड धुवावं, म्हणजे आपला उपास आहे हे माणसांना कळत नाही, फक्त देवाला कळतं. मंडळीला हे फार पटलं. शुक्रवारी पहाटे तेरा घरांतल्या बुधल्या उलट्या झाल्या. एरवी या लोकांच्या डोक्याला तेल लागायचं ते लग्नात. घरातलं पुरलं नाही ते तेल्याकडे धावले.

"आज काय लगीन हाय का बे?" तेल्यानं सटवाला विचारलं.

"न्हाई."

"मंग तेल कावून?"

"कळू नये म्हनून," सटवा म्हणाला, आणि सावकाश निघून गेला.

चैत्राच्या उन्हात चाळीस-पन्नास डोकी चमचमत प्रार्थनेच्या खोलीकडे निघाली. पारावर बसलेल्या पाटलानं लांबूनच ओळखलं आणि शेजारच्याला सांगितलं, "किरिस्तावांचा उपास दिसतो." समोरून जमादार आला, त्यानं घोडा थांबवून विचारलं, "क्यों सटवा, रोजा कवा सुटतो?" सटवा चकित झाला. याला कुणी सांगितलं, यावर तो पहिल्या भजनभर विचार करत होता.

खोलीत छबुबाई बायकांच्या बाजूला, शेवटच्या रांगेत बसली होती. तिच्या पुढे सटवाची बायको चंद्रभागाबाई. ही बाई काटकसरीसाठी तीन गावांत प्रसिद्ध होती. दिव्याची वात ती पुढे सरकवायची ती सुईनं. छबुबाईचं लक्ष तिच्या डोक्याकडे गेलं. डोकं चमकत होतं खरं, पण कानामागून एक थेंब निघाला, मानेवर आला आणि दुसऱ्या भजनाच्या आत वाळून गेला. तेल वाळत नाही. छबुबाईनं डोळे मिटले आणि प्रार्थनेत लक्ष घातलं.

तिसऱ्या प्रहरी ती रांधायला उठली. पीठ मळलं, वेटोळी वळली, चूल पेटवली, पातेलं चढवलं. शेंगोळ्यांना आधी फोडणी लागते. तेलाशिवाय पुढं काही होत नाही. तिनं बुधली उलटी केली. बुधलीतून काही आलं नाही. तेल तिच्या डोक्यावर होतं, सुनेच्या डोक्यावर होतं.

सून ओढ्याखालची बाकीची तिन्ही घरं फिरून आली. सगळ्यांची डोकी तेलकट, सगळ्यांच्या बुधल्या कोरड्या. तेल्याकडेही थेंब उरला नव्हता. छबुबाई रिकाम्या पातेल्यापुढे बसली. अकरा वर्षांनी संधी आली, आणि ती तिनं स्वतःच्या केसांना चोपडली होती.

"छबे."

ओढ्याच्या पलीकडून चंद्रभागाबाई हाक मारत होती. पदराखाली काहीतरी होतं. ती पाण्यात उतरली, ओढ्याच्या मधल्या दगडापर्यंत आली आणि दगडावर तांब्या ठेवून मागं झाली.

"तेल हाय. पावशेर. सांडू नको."

"बाई, तुमी डोस्क्याला न्हाई लावलं?"

"लावलं की. पानी." चंद्रभागाबाईनं इकडंतिकडं पाहिलं. "देवाला ठावं हाय उपास हाय म्हनून. त्येला कशाला तेल दाखवायचं? कुनाला बोलू नको."

"न्हाई बोलत. पर बाई..." छबुबाईच्या तोंडात आलेलं तिनं विचारून टाकलं. "खातील का समदे?"

"मला काय ठावं," चंद्रभागाबाई म्हणाली आणि पदर खोचून परतली. 

दिवस मावळायला आला तसं पातेलं प्रार्थनेच्या खोलीत आलं. सून एका बाजूनं, छबुबाई दुसऱ्या बाजूनं. मधोमध ठेवून छबुबाईनं झाकण काढलं. लसणाची वाफ वर गेली आणि नऊ घरांच्या आणि चार घरांच्या नाकात एकदमच शिरली. वाफेला ओढा माहीत नव्हता.

कुणी हललं नाही.

"माझ्या पोटात सकाळधरनं गोळा आलाय," भामाबाई म्हणाली. 

"माझं डोस्कं धरलंय," दुसरीनं सांगितलं. 

मग सटवा उठून उभा राहिला. सावकाश. "मास्तर, मी काय म्हनतो, प्रभू कबरीत तीन दिस व्हता. आन आपुन त्येच्यासाठी एका दिसात जेवायला बसायचं? बरं दिसत न्हाई. उपास आयतवारपोतर वाढवावा."

वरल्या आळीतून एवढं मोठं 'आमेन' त्याआधी कधी आलं नव्हतं.

मास्तरांच्या हातात शास्त्र होतं. ते पानं उलटत राहिले, पण उपास वाढवू नये असं काही त्यात सापडेना. छबुबाई झाकण हातात धरून उभी होती. सटवानं कारण मोठं धार्मिक काढलं होतं. त्याला नाही कसं म्हणायचं? तिनं वाकून झाकण पातेल्यावर ठेवायला घेतलं.

"झाकू नको," चंद्रभागाबाई म्हणाली.

ती उठली. तिनं भिंतीशी लावलेली एक थाळी उचलली, पातेल्यापाशी आली आणि मांडी घालून बसली.

"अगं, काय करतीस?" सटवा म्हणाला. "उपास वाढवलाय."

"तुमी वाढवा. माझं पावशेर तेल गेलंय ह्येच्यात. आयतवारपोतर ऱ्हाईल का हे? आंबून जाईल." तिनं थाळी पुढे केली. "वाढ, छबे."

"तेल? घरात तेल कुठं व्हतं?" सटवानं विचारलं. "सकाळी तर तू डोस्क्याला..." त्यानं बायकोच्या डोक्याकडे पाहिलं. ते पूर्ण कोरडं होतं, दोन ठिकाणी उभं राहिलं होतं. खोलीतल्या चमकणाऱ्या डोक्यांत ते एकच असं होतं. सटवाला पुष्कळ काही बोलायचं होतं. पण त्याच वेळी त्याचं पोट बोललं, आणि ते मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

छबुबाईनं वाढलं. चंद्रभागाबाईनं एक शेंगोळं तोंडात टाकलं, चावलं, गिळलं. सगळी मंडळी तिचा गळा हलताना बघत होती.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली आणि दुसरं उचललं.

मीठ बरोबर होतं. छबुबाईला ते पक्कं ठाऊक होतं. पण आयुष्यात तिला कुणी एवढी गोड गोष्ट बोललं नव्हतं; तिच्या रांधण्याला नावं ठेवायचीसुद्धा वरल्या आळीला कधी सवड झाली नव्हती.

"धन्यवाद देऊ," मास्तर घाईनं म्हणाले, आणि त्यांनी एवढी छोटी प्रार्थना केली की साहेबानं ऐकली असती तर पगार कापला असता. त्यांचं 'आमेन' संपायच्या आत भामाबाईच्या पोटातला गोळा उतरला होता. सटवा सर्वांत शेवटी बसला. त्यानं तीनदा वाढून घेतलं आणि तिन्ही वेळा 'तेल वाया जायला नको' असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सगळं बदललं, असं काही झालं नाही. कुणी छबुबाईच्या घरी पाणी प्यायला येऊ लागलं नाही, अजून बरीच वर्षं. पण दर वर्षी उत्तम शुक्रवार आला की चिठ्ठ्या न टाकताच पातेलं छबुबाईच्या चुलीवर चढायचं. आणि दर वर्षी तिसऱ्या प्रहरी चंद्रभागाबाई तांब्या घेऊन यायची. पहिली दोन वर्षं ओढ्यातल्या दगडापर्यंत आली. तिसऱ्या वर्षी दारापर्यंत. मग आत येऊन चुलीपाशीच बसायला लागली, आणि लसूण कसा जास्त घातला ते सांगायला लागली.

"तेलासाठी येती मी," ती कुणीही न विचारता सांगायची. 

पुढे छबुबाईच्या मुलीकडच्या नातवंडांना मिशनच्या शाळेत नोकऱ्या लागल्या, घरात तेलाचा डबा आला. तरी त्या दिवशी ती पातेलं कोरडंच चढवायची आणि आच मंद करून दाराकडे बघत बसायची. सून म्हणायची, "आत्याबाई, डबा भरलेला हाय की."

"थांब गं," छबुबाई म्हणायची. "फोडणीचं तेल यायचंय."

चंद्रभागाबाई गेली त्या वर्षी पातेलं बराच वेळ तसंच चुलीवर होतं. दिवस कलायला लागल्यावर दारात सावली पडली. सटवा उभा होता. आता तो वयामुळे सावकाश चालायचा. हातात तोच तांब्या.

"पावशेर हाय," तो म्हणाला. "सांडू नको, म्हनायची ती."