चालू गाडीला धक्का

हायब्रीड गाडी आपल्या कामाची नाही, हे मी घरात पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. मी एकदा सांगितलं की विषय संपायला पाहिजे. पण आमचे हे, नागसेन, तहसीलमध्ये कारकून आहेत. विषय मिटवायची सवयच नाही त्यांना.

रोज जेवताना पाण्याच्या तांब्याला मोबाईल टेकवून गाड्यांचे व्हिडिओ.

"मनिषा, हिला प्लग लावायची गरज न्हाई. ब्रेक मारला की बॅटरी आपोआप भरती."

"भरू द्या."

"गर्दीत तर पेट्रोल लागतच न्हाई म्हणायलाय हा व्हिडिओवाला."

"गर्दीत मी गाडी नेते कधी?"

इथं ते पुढचा व्हिडिओ लावायचे. मी परभणीहून पेडगावच्या शाळेत सायकलवर जाते. भाजीला सायकल, बँकेत सायकल, लेकीला क्लासवर डबा द्यायला सायकल. हायब्रीडचा खरा फायदा हळू आणि थांबत-थांबत चालण्यात. तसलं सगळं चालणं माझी सायकल करते. गाडी आम्ही काढतो ती लांब जायला, आणि मोकळ्या रस्त्यावर इंजनच पळतं, बॅटरी आपली मागं बसून येते. म्हणजे जिथं तिचा उपयोग तिथं मी तिला नेणार नाही, आणि जिथं नेणार तिथं तिचा उपयोग थोडका. साधी पेट्रोल गाडी घ्या अन् गप बसा. शाळेत चौथीच्या पोरांना समजावते तसं समजावलं. चौथीच्या पोरांना कळलं असतं.

खरं म्हणजे मला गाडीचं काही पडलेलं नव्हतं. मला घोर होता बाबांचा.

माझे बाबा, नागनाथ गुरुजी, झरीला राहतात, माझा भाऊ बालाजी आणि वहिनीजवळ. आजूबाजूच्या सगळ्या गावांत त्यांना सायकलवाले गुरुजी म्हणून ओळखतात. जन्मभर एक हात हँडलवर आणि दुसरा वर. जय भीम, राम राम, सलाम, ज्याला जे लागतं ते. मागच्या वर्षी रस्त्याच्या कडेवरून सायकलसकट घसरले आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, वॉकर घेऊन चालायलाही लागले. पण घराच्या फाटकाबाहेर पाऊल टाकीनात.

आमच्या जुन्या डिझेल गाडीत एकदा बसवलं होतं त्यांना. गल्ली संपायच्या आत म्हणाले, "परत फिरव. ह्या घरघरीत कुणी हाक मारलेली कळंना. काचा लावून मला दवाखान्यात न्यायल्यावानी न्यायलीस."

त्यानंतर नाहीच. ओट्यावर बसायचे, जेवायचे, झोपायचे. भेटायला येणारे कमी झाले, मग बाबांचं बोलणं कमी झालं. डॉक्टरांनी बालाजीला स्पष्ट सांगितलं की हे असेच बसून राहिले तर पाय आखडतील आणि मग काही करता येणार नाही. मी एक रविवार आड सायकलवर जायचे. बाबा माझ्या सायकलच्या टायरला हात लावून हवा बघायचे आणि पुन्हा बसायचे. घरी परत येताना मला रस्ताभर एकच भीती वाटायची, की हा माणूस त्या ओट्यावरच संपणार.

असं सगळं डोक्यात असताना ह्यांचं हायब्रीडपुराण. शेवटी मीच म्हणाले, "चला, टेस्ट ड्राइव्ह घेऊ. एकदाचं तुमच्या डोक्यातलं भूत उतरू द्या."

शोरूममधली ऋतिका नावाची पोरगी लय गोड बोलायची. म्हणाली, "मॅडम, चौकापर्यंत जाऊन येऊ."

"चौकात मी सायकलवर जाते. गाडी बघायची तर झरीला नेऊन बघायची."

तिनं साहेबाला फोन लावला, परवानगी घेतली आणि मागं नागसेनच्या शेजारी बसली. मी गाडी जिंतूर रोडला घेतली. मोकळा रस्ता लागला तसं इंजन सुरू झालं ते बंद व्हायचं नाव घेईना. समोरच्या पडद्यावर मायलेजचा आकडा खाली यायला लागला.

"बघा," मी म्हणाले.

"हायवेला थोडं कमीच दिसतं, मॅडम," ऋतिका म्हणाली.

नागसेन खिडकीबाहेर कापूस बघायला लागले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

झरीत गल्ली अरुंद. मी हळू घेतली तसं इंजन आपोआप बंद झालं आणि गाडी नुसती बॅटरीवर सरकत फाटकापाशी आली. बाबा ओट्यावर होते. त्यांनी मान वर केली.

"गाडी ढकलत आणलीस का काय?"

"न्हाई बाबा. चालू हाय."

"चालू हाय तर आवाज कुठाय?"

मी थोडी मागं घेऊन दाखवली, पुन्हा पुढं घेतली. कान दिला तर बारीक घूं ऐकू येत होतं, बाकी काही नाही. शेजारच्या अंगणात कुणीतरी तूर झोडपत होतं, तेवढाच आवाज. बाबा वॉकर धरून उठले. फाटकापर्यंत आले, दाराला हात लावला.

"काचा सगळ्या खाली घे," म्हणाले, आणि पुढच्या सीटवर बसले.

मी नुसत्या काचा खाली घेतल्या. काही बोलले असते तर उतरले असते, एवढं मी त्यांना ओळखते.

पाराजवळ चहाचं हॉटेल आहे, तिथं चार-पाच जण बसलेले. आता बघा, गाडी मुंगीच्या चालीनं सरकतेय, इंजनाचा पत्ता नाही, स्टिअरिंगवर बाई. एवढं बघितल्यावर झरीच्या माणसाला एकच गोष्ट सुचते. सगळे उठले आणि मागून धक्का मारायला लागले.

"बाई, उतरू नका, बसा," मागून कुणीतरी ओरडलं. "सेकंडवर टाका. आमी सांगितल्यावर क्लच सोडा."

"अहो, चालू हाय गाडी," मी म्हणाले. "हिला क्लच न्हाई."

"क्लच बी गेला व्हय? मग लांब ढकलावं लागतंय. लावा रे जोर."

ऋतिका घाबरली. "मॅडम, सेन्सर आहेत मागं," म्हणाली. नागसेन मागची काच वाजवून हात हलवायलेत, ढकलणाऱ्यांना वाटलं हे शाबासकी द्यायलेत. मी ब्रेक दाबणार तेवढ्यात बाबांनी माझा हात धरला.

"ढकलू दे," म्हणाले. "फुकटचे चहा पिऊन बसलेत नुसते."

आणि बाबा हसायला लागले. वर्षभरात मी त्यांचं हसू ऐकलं नव्हतं. खुब्याला हात लावून हसत होते.

तो आवाज ऐकून धक्का मारणारा एक म्हातारा पुढं खिडकीशी आला. सटवाजीकाका. त्यांची शेती आमच्या वावराला लागून. बाबांच्या जोडीनं सायकलवर परभणीचा बाजार करायचे ते.

"गुरुजी?" सटवाजीकाकांनी खिडकीत हात टाकला. "जय भीम, गुरुजी."

"राम राम, सटवाजी."

"तुमी कुणाला भेटत न्हाई म्हणले लोकं. मी फाटकापोतर येऊन दोनदा माघारी गेलो."

"मला वाटलं तू इसरलास."

सटवाजीकाका खिडकीची कड धरून गाडीबरोबर चालत राहिले आणि मी त्यांच्या पायांच्या चालीनं गाडी चालवली. पुढं शाळेपाशी कुणी हाक मारली, बाबांनी हात वर केला. कापूस वेचून डोक्यावर गाठोडी घेऊन येणाऱ्या बायांनी विचारलं, गुरुजी, बरं हाय का, आणि बाबांनी एकेकीला नावानं उत्तर दिलं. सगळं ऐकू येत होतं. मधेच बॅटरी उतरली असावी, इंजन घरघरलं. बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "ह्याला आता मधेच बोलायचं काय काम?"

सटवाजीकाका पारापाशी मागं राहिले आणि आम्ही परत फाटकापाशी येऊन थांबलो. मी मागं वळून ऋतिकाला सांगितलं, "घ्यायची ही."

नागसेननी डोळे मोठे केले. "पण तूच तर म्हणलीस आपल्या चालण्याला बसत न्हाई."

"म्हणले ते बरोबरच हाय. माझ्या चालण्याला बसतच न्हाई. बाबांच्या चालण्याला बसती."

नागसेन ऋतिकाला लगेच रंग विचारायला लागले.

बाबा हळूहळू उतरले. मी वॉकर हातात दिला. म्हणाले, "गाडी घरी आली की रविवारी विहारात जायचं. ती जावईबापूंना चालवू दे. तू सायकल घेऊन माझ्या खिडकीच्या बाजूनं चाल. जोडीला सायकल असली की बरं वाटतं."

"बरं," मी म्हणाले.

फाटक उघडं होतं. बाबा आत गेले नाहीत. त्यांनी वॉकर पाराकडं वळवला.

"कुठं निघाले, बाबा? बसा, मी सोडते."

"सटवाजीसंगं हाटेलात चहा घेऊन येतो. एवढ्यासाठी कशाला लागती गाडी?"

मी त्यांच्या मागं गेले नाही. जाऊ दिलं.